तारवावर पडलेली थाप

टक्... टक्... टक्.

लाकडावर बोटाच्या पेराने केलेली हलकी टकटक. श्रीरंग चौबळ लहान होता तेव्हा याच मठाच्या ओसरीवर बसून त्याने ती ऐकली होती. आतल्या खोलीत त्याचे वडील पडले होते. समोरच्या मोठ्या इस्पितळाने ‘घरी न्या’ म्हणून सांगितलं होतं आणि घर गाठण्याइतकीही धुगधुगी त्यांच्यात उरली नव्हती. अशा माणसांना सोमगीरबाबा मठात ठेवून घेत.

बाबा दारापाशी येत, टकटक करीत आणि थांबत. दार तर सताड उघडंच असे.

“दार उघडं आहे ना बाबा? मग वाजवता कशाला?” त्याने विचारलं होतं.

“खोली त्यांची आहे,” बाबा म्हणाले होते.

तेवढंच.

मोठेपणी श्रीरंगने तो आवाज पार आभाळात नेऊन ठेवला.

“...पण मग बाहेर कोण होतं?”

बाबांनी आज हे विचारलं तेव्हा ते ओसरीवर जुनी धोतरं फाडून पट्ट्या काढत बसले होते. आता फार म्हातारे झाले होते. बोटं थरथरत, पण पट्टी सरळ निघत होती.

“कशाच्या बाहेर?”

“तुझ्या तारवाच्या.”

श्रीरंगने मान फिरवली. गावोगावी लोक त्याला हेच विचारत. इथे तरी कुणी विचारणार नाही असं त्याला वाटलं होतं.

“तुम्ही बघता बाबा? ‘आकाशतारू’?”

“मला कुठलं दिसतंय. दालनात लावतात सगळे. ऐकू येतं.”

“मग राहू द्या. ऐकण्यासारखं आता काही उरलं नाही त्यात.” श्रीरंग सरसावून बसला. “माझी मालिका मारली त्यांनी.”

“कोणी?”

“वाहिनीने. काय होती ती सुरुवातीला! पृथ्वी संपलेली. एक तारू ताऱ्यांकडे निघालेलं. माणसं त्यातच जन्मायची, त्यातच मरायची. बाहेर लाखो कोस नुसता काळोख. तिथे कुणी असणंच शक्य नाही. आणि पहिल्या भागाच्या शेवटी बाहेरून टकटक होते... लोकांचे जेवताना हात सुकले हो बाबा.”

“तो आवाज इथला.”

“इथलाच. तुमचाच.”

“आणि आता?”

“आता तारवात मंगळागौर जागवतात. कप्तानाला दोन बायका झाल्या. थोरलीची स्मृती गेली, धाकटीने चेहरा बदलून घेतला. दिवाळीत सगळे चकल्या तळत बसले. त्यांना म्हटलं, अहो, अंतराळात तेल उडेल! तर म्हणाले, चकलीच्या भाजणीवाल्यांची जाहिरात आहे.”

“चकली वाईट नसते,” बाबा म्हणाले.

“थट्टा करता?”

“नाही रे. बऱ्याच दिवसांत खाल्ली नाही.”

धोतर फाटल्याचा लांब आवाज झाला.

“ते चकल्यांचं लिहिलं कोणी?”

“त्यांनी सांगितलं...”

“लिहिलं कोणी?”

“...मीच.”

बाबांनी पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली. दुसरं धोतर घेतलं.

“आणि बाहेर कोण होतं?”

श्रीरंगने अंगणातल्या पारिजातकाकडे पाहिलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “ठरवलंच नव्हतं. वाटलं, पुढं सुचेल.”

“मग वाजवलंस कशाला?”

“लोक थांबावेत म्हणून.”

“थांबले?”

“थांबले ना.”

“अजून थांबलेत,” बाबा म्हणाले.

...

खरी गोष्ट अशी होती की मालिका बंद होत होती. शेवटचा भाग लिहून द्यायचा होता. चकल्या तळून झाल्या होत्या, लग्नं लावून झाली होती, आणि ते एक दार तेवढं तसंच बंद राहिलं होतं. श्रीरंगने चार जणांना विचारलं, चार उत्तरं आली, चारही त्याला पोचट वाटली. मग त्याच्या मनाने घेतलं की जिथून आवाज उचलला तिथेच उत्तर सापडेल. म्हणून तो आला होता. पण हे बाबांना सरळ सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. नाव झालं होतं त्याचं. माणसं रस्त्यात थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढून घेत.

बाबांनी न सांगताच ओळखलं असावं.

“आत केरबा आहे,” ते म्हणाले. “यष्टीवर ड्रायव्हर होता. घाटातच जन्म गेला त्याचा. रोज बघायचा तुझं तारू. आता उठवत नाही. जा, भेट.”

श्रीरंग उठला आणि सरळ आत गेला.

पट्टी फाडणारे हात जरासे थांबले. मग पुन्हा चालू झाले.

खाटेवर पोट तेवढं माणसाचं उरलं होतं, बाकी काड्या. पण डोळे जागे होते.

“तुमीच काय वो ते? तारूवाले?”

“हो. मी लिहितो.”

“बसा की. लई छळलंत.” केरबा हसला. हसताना त्याला दुखत असावं, कारण हसणं अर्ध्यात थांबलं. “सुरुवातीला काय मालिका व्हती वो! आमी समदं डेपोत बघायचो. येक कंडक्टर मधीच बोलला, तर त्याला भाईर काडला. आनि मग तुमी त्या बाईचा चेहरा बदलला. तवा कपाळाला हात लावला बगा.”

“वाहिनीची काही गणितं असतात...” श्रीरंग म्हणाला.

“आसत्यात की. आमच्या डेपोचीबी व्हती. पर गाडीच्या पत्र्यावर भाईरनं थाप पडली की पाय ब्रेकवर. म्हातारी हाय का पोरगं हाय, तिकिटाचं हाय का फुकटचं, ते मागनं बगायचं. तुमचा कप्तान लेकाचा येवडी थाप ऐकतो, आनि लग्नं करत बसतो!”

श्रीरंगला हसू आलं. केरबालाही आलं. दोघे घटकाभर तसेच हसले, जुने ओळखीचे असल्यासारखे.

मग केरबाने त्याला बोटाने जवळ बोलावलं.

“शेवट कवा हाय?”

“पुढच्या शनिवारी.”

“आनि डाक्टर म्हनलाय गुरवार.” त्याने थोडा दम घेतला. “म्हंजे तुमची-आमची चुकामूक. तवा कानात सांगा सायेब. म्या आता कुनाला सांगाय जातोय? भाईर कोन हाय?”

श्रीरंगने तोंड उघडलं.

किती वर्षं झाली होती. शाळांच्या बक्षीस समारंभात, सराफाच्या नव्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत लोकांनी हेच विचारलं होतं, आणि उत्तर त्याच्या जिभेवर घासून घासून गुळगुळीत झालं होतं. ते आपणहून निसटलं. वर ते नेहमीचं हसूसुद्धा आलं.

“बघत राहा.”



केरबा त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. घाटात एखादा पोरगेला ड्रायव्हर वळण चुकला की जुनी माणसं बघतात, तसं बघणं होतं ते.

“बगतो की,” केरबा म्हणाला.

आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

...

“बाबा, चूक झाली. तोंडातून गेलं.”

बाबांनी पुढचं धोतर उचललं.

“परत जातो. सांगतो त्याला काहीतरी.”

“काय?”

“बरं वाटेल असं. त्याची बायको आहे का?”

“गेली.”

“मग तीच म्हणून सांगतो. बाहेर तीच उभी आहे. नाही तर... देव आहे म्हणतो.”

“त्याने देव विचारला?”

श्रीरंगने नकारार्थी मान हलवली.

“टोक धर,” बाबा म्हणाले.

त्याला आधी कळलं नाही. बाबांनी धोतराचं एक टोक पुढे केलं होतं. श्रीरंगने ते धरलं. बाबा दुसऱ्या बाजूने ओढत गेले. मधे कापड फाटत आलं, आणि एक लांब पट्टी दोघांच्या हातात राहिली.

“मला एक संधी द्या,” श्रीरंग म्हणाला. “विचार करून जातो. थोडा वेळ बसतो आणि जातो.”

“बस.”

तो बसला. उन्हं पारिजातकावरून खाली आली. समोर इस्पितळाच्या खिडक्यांत एकेक दिवा लागला. श्रीरंगने मनातल्या मनात उत्तर जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. एक बरं वाटलं. त्यात थोडं रडू होतं, थोडा धक्का होता. शनिवारीही चाललं असतं. आपण केरबासाठी शोधतोय की शनिवारसाठी, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

आतून एक घरघर आली. विहिरीचा रहाट कोरडा फिरावा तशी.

बाबा उठले. भिंतीला धरत दारापाशी गेले. दार उघडंच होतं.

टक्... टक्... टक्.

आणि थांबले.

“बाबा, जा ना आत! वेळ कुठाय?”

बाबा हलले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. श्रीरंगला तो वेळ सोसेना. आतला माणूस चालला होता, आणि हे पाहुण्यासारखे दारात उभे होते.

खाटेवरचं एक बोट कसंबसं उचललं गेलं. पडलं.

मग बाबा आत गेले.

श्रीरंगच्या हातात पट्टीचं टोक तसंच होतं. तो दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. बाबा खाली वाकले होते. त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि केरबाच्या उशीवर टेकलेला त्यांचा हात. तोंड कानाशी होतं की कान तोंडाशी, ते दारातून कळत नव्हतं.

बराच वेळ काही झालं नाही.

मग पांघरुणाखाली केरबाचा उजवा पाय हलला. टाच गादीत रोवली गेली, आणि पंजा हळूहळू पुढे दाबला गेला... पुरता दाबला गेला... आणि तिथेच राहिला.

घरघर थांबली.

बाबांनी त्याचे डोळे मिटवले.

तेवढ्यात पलीकडच्या दालनात कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. सात वाजले होते. दालनातली माणसं खोकत, खाटा सरकवत, एकमेकांना हात देत पडद्यासमोर गोळा होत होती. आधी शंख वाजला, मग सतार, आणि मग तारवाच्या पत्र्यावर, बाहेरच्या काळोखातून, मोठ्या घुमाऱ्याने—

टक्... टक्... टक्.

“बंद करा ते,” श्रीरंग म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. तिकडे थोरल्या बायकोला सगळं आठवू लागलं होतं.

बाबांनी केरबाचे पाय सरळ केले. उजवा लवकर सरळ होईना. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, थंडीत लेकराचा धरतात तसा, आणि मग हलकेच खाली ठेवला.

“पट्टी दे.”

श्रीरंगने एक टोक बाबांच्या हातात दिलं. दुसरं त्याच्याच हातात राहिलं. बाबा दोन्ही अंगठे एकमेकांना बांधू लागले. त्यांना गाठ नीट दिसत नव्हती. ते चाचपून मारत होते.

“काय सांगितलंत त्याला?” श्रीरंगने विचारलं.

“कधी?”

“आत्ता. कानात.”

“सांगितलं नाही. विचारलं.”

“काय?”

“त्याने तुला विचारलं तेच.”

दालनात कोणीतरी थोरल्या बायकोला शिवी हासडली. बाकीचे हसले.

“आणि... त्याने सांगितलं?”

“हं.”

“कोण होतं म्हणाला?”

बाबांनी गाठ आवळली. उरलेली पट्टी दातांनी तोडली.

“कोण ते नाही म्हणाला,” ते म्हणाले. “गाडी थांबवली म्हणाला.”

श्रीरंगने हातातलं टोक खाटेच्या कडेला ठेवलं. ओसरीवर येऊन चपला घातल्या, आणि पायऱ्या उतरून निघून गेला.