हात बरा आहे, पंगत बसवा

एकदा एका आचाऱ्याने दारू सोडली आणि त्यासोबत स्वयंपाकही सोडला. हसू नका. दारू सोडल्यावर माणूस सुखी होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी दारू सोडलेला माणूस जवळून पाहिलेला नसतो.

कृष्णाकाठच्या एका गावातला हा आचारी. नाव रंगनाथ. ग्रामदेवीच्या उत्सवाला अख्खं गाव जेवतं, त्या महाप्रसादाचा स्वयंपाक वर्षानुवर्षं याच्याच हातचा. खपली गव्हाची खीर, वांग्याची भाजी, भात आणि आमटी. आमटी तर अशी की सासरी गेलेल्या मुली उत्सवाला माहेरी येत, आणि आई आधी भेटली की आमटी, हे विचारायची सोय नव्हती! त्यात त्या गावाची एक कडक रीत. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिन्नस चाखायचा नाही. काहिलीभर आमटी रटरटत असली तरी आचाऱ्याने जिभेला बोट लावायचं नाही. मीठ पडायचं ते मुठीने आणि अंदाजाने. रंगनाथची मूठ कधी चुकली नाही.

परंतु भट्टीच्या धगीपाशी उभं राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी अंग मोडल्यासारखं होतं, आणि त्यावरचा उपाय गल्लीच्या टोकाला मिळतो. आधी उत्सवापुरती, मग लग्नसराईपुरती, मग रोजची. शेवटी बायकोने त्याला तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणून सोडलं. तिथले प्रमुख एक वृद्ध डॉक्टर होते. सारे त्यांना तात्या म्हणत. मेंदूच्या विकारांचा अभ्यास करण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांच्या हाताखाली मृण्मयी नावाची तरुण डॉक्टर शिकत होती. हुशार, तडफदार आणि नव्या डॉक्टरांना असते तितकी घाई असलेली.

रंगनाथची दारू सुटली. हातांचा कंप थांबला, झोप येऊ लागली. पण माणूस विझला. केंद्राच्या स्वयंपाकघरात तो नुसता भिंतीला टेकून बसे. उत्सव तोंडावर आला, गावाचं बोलावणं आलं, तेव्हा तो मृण्मयीला म्हणाला, "बाई, मी काय जात नाही. तोंडाला चव नाही, मनाला चव नाही. पोरगी भेटायला आली तरी आत काही हलत नाही. दाराची कडी वाजली तरी छातीत धस्स होतं. पूर्वी फोडणी बसली की आतून कळायचं, जमलं म्हणून. ते कळणंच गेलं. एक घोट घेतला तर येईल परत. तेवढ्यापुरता."

मृण्मयी चिडली. तिचंही चुकलं नव्हतं. एका घोटापायी पुन्हा केंद्रात दाखल झालेली माणसं तिने पाहिली होती. "इतके दिवस काढलेत आणि आता एक घोट? मन घट्ट करा, रंगनाथ. निर्धार कमी पडतोय तुमचा."

रंगनाथने मान खाली घातली. मनाने कमकुवत म्हटलं की माणूस असाच मान खाली घालतो. त्याला ते आधीच पटलेलं असतं, हीच तर पंचाईत!

तात्या दारात उभे राहून ऐकत होते. आत आले आणि त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. स्वयंपाकघरातून गुळाचा मोठा खडा मागवला आणि मृण्मयीच्या हातात ठेवला. "खा."

"तात्या, आत्ता?"

"आत्ता. सगळा."

गुरूंची आज्ञा. तिने गूळ खाल्ला. तात्यांनी लगेच चहाचा कप पुढे केला. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "यात साखरच नाही!"

त्याच किटलीतला चहा तात्या मजेत पीत होते. "माझ्यात तर आहे बुवा. आता चूळ भर, जरा थांब, आणि उरलेला पी."

ती थांबली. मग प्यायली. चहा चांगला गोड होता.

कोपऱ्यातून रंगनाथ पहिल्यांदाच हसला. "हे आम्हाला काय शिकवता तात्या! लग्नात लाडवावर लगेच चहा दिला, की पाव्हणे म्हणतात, यजमान चिक्कू, साखर घातली नाही. म्हणून आम्ही मधे चिवडा फिरवतो."

"मग लेका, जे पाव्हण्यांच्या जिभेचं होतं ते तुझ्या मेंदूचं झालंय, हे तुला कसं सुचलं नाही?" तात्या त्याच्यासमोर जमिनीवर बसले. "ऐक. मृण्मयी, तूही ऐक. तू पुस्तकात वाचलंयस, पण याच्याकडे बघताना विसरलीस. आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, मधे बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते टिपते. त्यातलं एक डोपामीन. फोडणी जमली, पोरगी हसली, की ते जरासं सुटतं आणि आत काहीतरी हलतं. दारू काय करते? ते भसाभस सोडायला लावते, रोज. मग टिपणारी पेशी कंटाळते आणि आपली दारं एकेक करून बंद करते. आता दारू थांबली, पण दारं अजून बंदच आहेत. पोरगी हसते, रसायन सुटतंही, पण टिपायला कोणी नाही. आणि दारू ज्या धास्तीला दाबून ठेवत होती, ती धास्ती आता मोकळी सुटलीय. कडी वाजली की धस्स होतं ते त्यामुळे. हा आजार आहे रंगनाथ, तुझा स्वभाव नव्हे."

"आणि दारं उघडणार कधी?"

"खोटं सांगणार नाही. महिने लागतील. पण बहुतेकांची उघडतात, हळूहळू. एका घोटाने मात्र उघडायला लागलेली पुन्हा बंद होतील."

मृण्मयी हळूच म्हणाली, "पण तात्या, निर्धार तर लागतोच ना?"

"लागतो की! पण निर्धार काय आकाशातून पडतो? तोही याच मेंदूतून येतो. पाय मोडलेल्याला आपण आधी प्लास्टर घालतो, मग चालवतो. चालत नाहीस म्हणून त्याला कमकुवत म्हणत नाही." मग त्यांनी रंगनाथचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "आता महत्त्वाचं. एकच गोष्ट पुन्हापुन्हा केली की मेंदूतल्या पेशींची जोडणी पक्की होत जाते. संध्याकाळ झाली की पाय गुत्त्याकडे वळायचे, ते तसेच पक्के झाले. पण त्याच मेंदूने, त्याच रीतीने, तुझी मूठही पक्की केलीय. त्या जोडणीला आनंदाची गरज नाही. ती आत शाबूत आहे. जो वाईट इतकं चिवटपणे शिकला, तो मेंदू किती थोर शिकणारा असेल, याचा अभिमान धर जरा! तू आनंद होण्याची वाट बघू नकोस. हात चालू दे."

रंगनाथ गावी गेला. एकटा नाही; तात्या आणि मृण्मयी सोबत गेले. गावाने धसका घेतलाच होता. देवस्थानचे कारभारी बसगोंडा पाटील, माणूस देवभोळा आणि दिलदार, पण त्यांची आणि निम्म्या गावाची ठाम समजूत अशी, की रंगनाथच्या हाताची चव थोडी पोटात गेल्याशिवाय उतरत नाही. इतकी वर्षं प्यायलेल्या आचाऱ्याच्या हातचं जेवून त्यांनी दारूलाच सुगरण ठरवलं होतं! यंदा आमटी बिघडली तर पुढल्या वर्षीपासून शहरातला केटरिंगवाला, असंही पंचांत ठरलं होतं, आणि ते रंगनाथच्या कानावर अर्थातच कोणीतरी घातलं होतं. गावात अशी सेवा करणाऱ्यांची वानवा नसते.

चुलवणं पेटली. रंगनाथ उभा राहिला. चेहऱ्यावर ना उत्साह ना राग. डाळ शिजली, फोडणी बसली, सारं गाव वासाने हललं; हा मात्र तसाच. आमटीपाशी आला तेव्हा मिठाच्या परातीत त्याचा हात गेला, मूठ भरली, पडली. पुन्हा भरली, पडली. मग हात आपणच थांबला. मृण्मयी शेजारीच उभी होती. तिला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

नैवेद्य झाला, घंटा वाजली. आता चाखायला मोकळीक. रंगनाथने पळीभर आमटी तळव्यावर घेतली आणि जिभेला लावली. त्याचा चेहरा पडला.

"अळणी," तो पुटपुटला. "पाणी लागतंय नुसतं." त्याचा हात मिठाच्या परातीकडे गेला.

नेमके तेव्हाच पाटील मंडपाच्या मागून आले. धोतराच्या सोग्यात झाकलेली बाटली त्यांनी पुढे केली. "रंगा, ओळखलं मी. घे दोन घोट. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, देवी काय रागवत नाही."

प्रेमाने देत होते हो! वैऱ्याने दिलेली बाटली फेकून देता येते. मृण्मयी पुढे सरसावली, तोच तात्यांनी तिचा दंड धरला. "थांब. आता त्याचं त्याला करू दे."

एका बाजूला मीठ, एका बाजूला बाटली. समोर पत्रावळी मांडलेल्या आणि पंगतीसाठी खोळंबलेलं गाव. रंगनाथचे डोळे भरून आले. मग त्याने परातीतला हात रिकामा बाहेर काढला, धोतराला पुसला आणि पाटलांची बाटली हलकेच मागे सारली.

"अण्णा, माझी जीभ आजारी आहे, तिचं ऐकायचं नाही. हात बरा आहे. पंगत बसवा."

आमटी गेली. मिठाचा एक कण जास्त न पडता गेली. पाटील देवीचं नाव घेत बाजूला उभे राहिले. मृण्मयी पंगतीच्या कडेने चालत होती, चेहरे पाहत. मग एका म्हातारीने द्रोण उचलून तोंडाला लावला, तळाशी राहिलेलं बोटाने पुसून घेतलं आणि वाढप्यावर खेकसली, "अरे मुडद्या, पुढं कुठं पळतोस? आमटी आण हिकडं!" मग पंगतभर एकच आरोळी, आमटी, आमटी! पाटलांनी स्वतः एक द्रोण प्यायला. ती बाटली त्यांनी कुठे नेऊन ओतली, कोणी विचारलं नाही.

मृण्मयीनेही चाखली. तिखट, आंबट, मीठ सारं जिथल्या तिथे होतं. ती चुलवणापाशी परत आली. रंगनाथ धुरात बसून राख ओढत होता. त्याला स्वतःला त्या दिवशी कशाचीच चव लागली नाही, खिरीचीही नाही. लोकांची आरोळी ऐकूनही आत फारसं हललं नाही, असं त्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. मृण्मयी त्याच्यासमोर वाकली आणि तिने त्याच्या पायांना हात लावला.

"अहो, अहो! डॉक्टरीणबाई, हे काय भलतंच!" तो गडबडून उठला. "गुरू तिकडं उभे आहेत तुमचे."

"त्यांना रोज करते," ती म्हणाली. "आनंद झाल्यावर कोणीही नीट वागतं, रंगनाथ. तुम्ही आत काही नसताना वागलात. आणि मी तुम्हाला कमकुवत म्हणाले होते."

रंगनाथ ताठ उभा राहिला. केंद्रात आल्यापासून तो असा ताठ उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता. तात्यांनी दुरून पाहिलं, आपल्या शिष्येकडे आणि आपल्या रुग्णाकडे, आणि त्या म्हाताऱ्याचा ऊरही चांगला भरून आला.

आपल्याही घरात असा एखादा असेल. त्याला 'मन घट्ट कर' म्हणण्याआधी, त्याने आज दिवसभर किती बाटल्या मागे सारल्या, तेवढं विचारून पाहा.