परत आलेली गोधडी

फार जुनी गोष्ट आहे, खरी की खोटी ते मला विचारू नका. एका डोंगराच्या पायथ्याला गोल वेढा घालून काही गावं वसली होती. एकाची हद्द संपली की दुसऱ्याची सुरू, असं चालत राहिलं की माणूस फिरून आपल्याच गावात यायचा.

या गावांची एक रीत होती. पटकीची साथ आली, जुलाब-उलट्यांनी माणसं मरायला लागली, की सुताराकडून लाकडी गाडा करून घ्यायचा. त्यात आजाऱ्यांची अंथरुणं-पांघरुणं भरायची, वर देवीचा खण-नारळ ठेवायचा आणि वाजतगाजत तो शेजारच्या पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलून यायचं. साथ गेली म्हणायचं आणि हात झटकायचे. ते गाव गाडा त्याच्या पुढच्या गावात लोटायचं. गावं गोल वसली आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गाडा ढकलताना ते कुणाच्या डोक्यात येत नसे. आता याला काय म्हणावं!

एका उन्हाळ्यात एका गावात साथ शिरली. गाडा तयार झाला. गावचा पाटील मात्र घरात नुसत्या येरझारा घालत होता. त्याची लेक सगुणा त्याच पुढच्या, पूर्वेकडच्या गावात दिलेली होती, आणि तिला दिवस गेले होते. गाडा हलला की आपलं गाव सुटलं, या हिशेबानं त्यानं तिला गुपचूप निरोप धाडला, की लगेच माहेरी निघून ये.

उलट निरोप आला. "आबा, मी येईन. पण माझ्या सासूबाई, जाऊबाईंची पोरं, आळीतली माणसं, त्यांनी कुठल्या माहेरी जावं?"

पाटलानं हे आईला सांगितलं. म्हातारीनं त्याला जवळ बसवलं. मग म्हणाली, "मागच्या साथीत तुझे वडील गेले, तेव्हा त्यांची गोधडी मी गाड्यात घातली होती. पुढं पश्चिमेकडून एक गाडा आपल्या हद्दीत आला. त्यात तीच गोधडी. मीच शिवलेली, टाका न टाका ओळखीचा. माणूसच परत आल्यागत वाटलं मला. हळूच काढून घेतली आणि तुझ्या धाकट्या बहिणीच्या अंगावर घातली."

बहीण पटकीनं गेली एवढंच पाटलाला माहीत होतं. गोधडीचं त्याला आज कळलं.

उन्हं कलताना लोक गाडा घेऊन हद्दीपाशी आले, तर पाटील वाटेत आडवा उभा. लोक भडकले. लेक तिकडं आहे म्हणून याला पुळका आलाय, असं तोंडावर म्हणाले.

"लेक आहे म्हणूनच कळलं," पाटील म्हणाला. "नसती तर पहिला हात मीच लावला असता."

मागून काठी टेकत म्हातारी आली. तिनं गोधडीची गोष्ट सगळ्यांसमोर पुन्हा सांगितली. गाड्यावरचे हात एकेक करून सुटले. घरोघरी कोण ना कोण असं गेलेलंच होतं.

खण-नारळ देवळात नेऊन ठेवला. गाडा अंथरुणांसकट माळावर जाळला. आजाऱ्यांसाठी तिथंच मांडव घातला, पाळीपाळीनं त्यांची सेवा केली, आणि पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही असं ठरवलं. तरी काही माणसं दगावलीच. ज्यांच्या घरची गेली त्यांनी पाटलाला शिव्याशाप दिले. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतले, दुसरं करणार काय? हळूहळू साथ ओसरली. पूर्वेच्या गावात कुणालाच काही झालं नाही. सगुणाला मुलगी झाली.

काही वर्षांनी साथ पूर्वेच्याच गावात उठली. इकडं लोकांनी ओळखलं, आता गाडा फिरत फिरत पश्चिमेकडून आपल्या दारी येणार. सगळे गाड्याची वाट बघू लागले. गाडा आला नाही. उलट पूर्वेच्या हद्दीपलीकडं लांबच एक माणूस उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "आमच्याकडं पटकी लागलीय. आपल्या दोन्ही गावांच्या ओढ्याचं पाणी पिऊ नका."

त्या दिवशी पाटलानं सुताराला गाडा करायला सांगितला. त्यात ज्वारीचं पीठ, मीठ, सुकी लाकडं आणि धुतलेली धोतरं भरली, आणि गावानं तो हद्दीपर्यंत ढकलत नेला. सगळ्यात वर म्हातारीनं नवी शिवलेली गोधडी होती.

तात्पर्य इतकंच, की साथ शेजाऱ्याकडं ढकलली तर ती फिरून आपल्याच दारी येते; म्हणून शेजाऱ्याला वेळेवर खबर द्यावी आणि त्याच्या अडचणीत हातभार लावावा.