हाका आणि हाक

तोरवाडीचे जहागीरदार हैबतराव यांचं निम्मं आयुष्य रानात गेलं. बायकोमुलांनाही शिकारीची गोडी लागावी अशी त्यांची फार इच्छा. पण कोणी तिकडे फिरकेना. शेवटी त्यांनी हुकूमच सोडला, तेव्हा यमुनाबाई मुलांना घेऊन निमूट मचाणावर येऊन बसल्या.

खाली हाकाऱ्यांनी ढोल-डबे बडवून रान उठवलं. बिथरलेलं सांबर धावत थेट मचाणापुढे आलं. ढोल थांबले.

"बघा!" बंदूक उचलत हैबतराव म्हणाले. "हाका घातला की जनावरसुद्धा समोर येतं. तुम्हाला मात्र किती सांगितलं तरी यावंसं वाटत नाही!"

"सरकार," यमुनाबाई म्हणाल्या, "हाक्याला जनावर येतं, तेही जिवाच्या भीतीनं. माणसाला हाक मारावी लागते. ती तुम्ही कधी मारलीत?"

बंदूक खाली आली. सांबर निसटून गेलं. धाकटी लेक कानांवर हात ठेवून आईला बिलगली होती. तिच्याकडे बघून हैबतरावांना भरून आलं. असेल नसेल ती माया एकवटून त्यांनी हाक मारली, "चिमणे, ये गं!"

पण त्या आवाजाला सवय हुकमाचीच. खाली हाकाऱ्यांना वाटलं, सरकारांचा इशारा झाला. आणि ढोल पुन्हा कडाडले.