रोजगाराच्या वाटीतली मूठ

“मग काय करू, भन्ते? मायची मूठ मोजणीतून काढून टाकू?”

भन्ते शीलरत्न भिक्षापात्र धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा प्रशिक दुर्गे. लहानपणी दर रविवारी याच टेकडीवरच्या विहारात भन्तेंपुढे मांडी घालून बसायचा. आता पुण्याहून आला होता, मोठा माणूस होऊन. कोणतं वीज केंद्र पुढे चालवण्याजोगं आहे आणि कोणतं बंद करावं, याचा अहवाल तो सरकारी समितीला द्यायचा. त्याचा शब्द सहसा खाली पडत नसे, आणि हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं.

या खेपेला त्याच्या वाट्याला स्वतःच्याच गावचं थर्मल, कोळशावरचं वीज केंद्र, आलं होतं.

“मूठ म्हणजे?” भन्तेंनी विचारलं.

“माझी पद्धत आहे. लोकांपुढे चार वाट्या ठेवतो. धूर, पाणी, वीज, रोजगार. प्रत्येकाला मूठभर चिंचोके देतो. ज्याला जे महत्त्वाचं वाटेल, त्या वाटीत त्यानं जास्त टाकायचे. त्यावरून मी हिशेब मांडतो. परदेशातसुद्धा वाखाणलीय ही पद्धत.”

“बरं.”

“आणि मायनं सगळी मूठ रोजगाराच्या वाटीत रिकामी केली! आमच्या घरातलं एक माणूस तिथं कामाला नाही. बाबा गेले, मी हा असा लांब. ती केव्हाची खोकतेय. अंगणात राख, वाळवणावर राख… आणि धुराच्या वाटीत एक चिंचोका टाकला नाही तिनं.”

“का, ते विचारलं नाहीस?”

“विचारलं. म्हणते, ‘शिफ्ट सुटली का मानसं जाते नं बापा दारावरून.’ हे काय उत्तर झालं, भन्ते?”

भन्ते पात्र पुसत राहिले…

“मी तिला पुण्याला चल म्हणतो. हवा स्वच्छ आहे. नवव्या मजल्यावर घर आहे.”

“तिथं दारावरून कोण जातं?”

“कोणीच नाही. सगळ्यात वरचा मजला आहे, भन्ते. एकदम शांत.”

हे तो कौतुकानं बोलला.

भन्तेंनी पात्र पालथं घातलं. उठून विहाराच्या दारात जाऊन बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

प्रशिक बसला.

समोर पायऱ्या उतरत गेल्या होत्या. पलीकडे थर्मलच्या चिमण्या धूर सोडत होत्या. दुपार कलली होती. आठवड्याच्या मधल्या वारी विहाराकडे कोणी फिरकत नसे.

“किती वेळ बसायचं?”

“कोणी येईपर्यंत.”

…

प्रशिकनं मोबाइल काढला, परत खिशात ठेवला. मांडी बदलून पाहिली. साहेबांना नुसतं बसायची सवय राहिली नव्हती.

थोड्या वेळानं कडुनिंब वाऱ्यानं हलला तरी त्याची मान आपोआप पायऱ्यांकडे वळू लागली. कोणीही चाललं असतं, अगदी पत्ता चुकलेला माणूससुद्धा. शेजारी भन्ते होते, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते, बोलत नव्हते. इतकं एकटं त्याला परदेशात एकटा राहायचा त्या खोलीतही वाटलं नव्हतं.

कोणी आलं नाही.

“भन्ते,” अखेर तो म्हणाला, “शिफ्टवरून येणारी माणसं मायशी काय बोलतात?”

“तुला माहीत नाही?”

“नाही.”

“‘जेवली का माय?’ म्हणतात. चालता चालता. थांबत नाही कोणी.”

प्रशिक पायरीकडे बघत राहिला. तो मायला दर आठवड्याला फोन करायचा. गोळ्या घेतल्या का, डॉक्टर काय म्हणाले, सगळं विचारायचा. एवढंच विचारायचा नाही. त्याला स्वतःची लाज वाटली आणि लगेच रागही आला.

“पण धूर खरा आहे, भन्ते! तिचा जीव घेतोय तो.”

“खरा आहे.”

“ते थर्मल बंदच व्हायला पाहिजे.”

“व्हायलाच पाहिजे.”

“आणि बंद झालं तर कामगारांची कॉलनी उठेल. रस्त्यावर चिटपाखरू राहणार नाही. मग माय…”

त्यानं चिमण्यांकडे पाहिलं.



“मग अहवालात मी काय लिहू, भन्ते?”

“बंद करा, असंच लिही,” भन्ते म्हणाले. “आणि मग रोज शिफ्ट सुटायच्या वेळेला तू तिच्या दारावरून जात जा.”