कुणाचं फूल?

“...म्हणजे माणूस कसा मेला यावर ठरणार, त्याची आठवण काढायची की नाही?”

अपूर्वा शेडगे तकियाच्या, फकिराच्या मठीच्या, दारातच उभी होती. चपलाही काढल्या नव्हत्या.

दादूबाबा फकीर कुर्डूच्या फुलांचा ढीग पुढे घेऊन बसले होते. एकेका देठात बाभळीचा काटा खोवत होते.

“बाबा, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकतोय की.”

मोरदऱ्याच्या वेशीजवळ एक दगड आहे. पहिल्या महायुद्धात गावचे जे गडी गेले आणि परतले नाहीत, त्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. पुढच्या लढायांतली नावं खाली वाढत गेली. रानात कुर्डूला तुरे आले की गाव एक दिवस त्या दगडापाशी जमतं. छातीवर कुर्डूचं फूल लावतं. फूल फकिराच्या हातून घ्यायचं. आणि ज्याच्या छातीवर फूल दिसेल त्याला कुणीही अडवून विचारायचं, “कुणाचं फूल?” मग त्यानं गेलेल्या माणसाचं नाव सांगायचं. तो कसा होता, ते सांगायचं. सांगितल्याशिवाय तिथून हलायचं नाही. आणि विचारणाऱ्यानं ते शेवटपर्यंत ऐकायचं.

यंदा गावच्या कमिटीनं एक नियम वाढवला होता. फूल फक्त लढाईत मेलेल्यांचं.

हा नियम कुणासाठी, ते साऱ्या गावाला माहीत होतं. अपूर्वाचा थोरला भाऊ हणमंत फौजेत होता. मागच्या हिवाळ्यात छावणीत गेला. शत्रूच्या गोळीनं नाही. स्वतःच्या हातानं. पेटी घरी आली तेव्हा ना बिगूल वाजला, ना सलामी झाली. त्या दिवसापासून त्याच्या आईनं उंबरा ओलांडला नव्हता.

“काल बैठकीला तुम्ही होता?” अपूर्वानं विचारलं.

“होतो.”

“सुभेदारांनी नियम वाचून दाखवला तेव्हा काय केलंत?”

“चहा प्यालो.”

“चहा!”

“साखर जास्त झाली होती.”

अपूर्वा चपलांसकटच आत शिरली. “तुम्हा म्हाताऱ्यांचं हेच. तोंड उघडायची वेळ आली की गप्प बसायचं. आणि लोकांनी त्याला शहाणपण म्हणायचं.”

बाबांचा हात थांबला...

“खरं आहे,” ते म्हणाले.

ती वाद घालायच्या तयारीनं आली होती. समोरून वादच येईना. तिला आणखी राग आला.

“दगडावर नावं आहेत ते सगळे काय गोळी खाऊनच मेले? कुणी बोटीत तापानं गेला असेल. कुणी थंडीनं. तेव्हा विचारलं होतं का कुणी?”

“नसावं.”

“मग मला फूल द्या. आईला सांगून आलेय, घेऊनच येईन. तुमचं फूल दिसलं तर ती घराबाहेर पडेल. नाहीतर ती त्या अंधाऱ्या खोलीतच संपेल, बाबा.”

बाबांनी ढिगातून एक फूल उचललं. गुलाबी शेंड्याचं, ताठ. पुढे केलं.

अपूर्वानं हात लावला. बाबांनी देठ सोडला नाही.

“कुणाचं फूल?” त्यांनी विचारलं.

“नायक हणमंत शंकर शेडगे.” पाठोपाठ तिनं पलटण सांगितली, नोकरीची वर्षं सांगितली.

“ही पाटी झाली. कुणाचं फूल?”

“ज्याच्यावर या गावानं अन्याय केला, त्याचं!”

“हा तुझा राग झाला.”

“असू दे राग! खोटा आहे का?”

“खोटा कसा असेल?”

बाबांनी देठातला काटा हलकेच उपसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. फूल परत ढिगात टाकलं.

“हे काय?”

“रागाला एवढं पुरतं.”

अपूर्वानं मूठ मिटली. काटा तळव्यात रुतला, तरी मिटली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “काटा तर काटा. पण आज मी दगडापाशी येणार. बघू कोण अडवतं.”

ती वळली. बाबा पुढचं फूल उचलून त्यात काटा खोवू लागले.

ती घरी गेली नाही. घरामागच्या रानात गेली. बाजरी काढून झाली होती आणि धसकटांमधून कुर्डू माजला होता. दर वर्षी आई तो उपटून बांधावर टाकायची. यंदा उपटायला कुणी आलंच नव्हतं. सगळं रान गुलाबी-पांढरं झालं होतं.

अपूर्वानं एक तुरा खुडला.

वर पाहिलं तर मागच्या दाराशी आई उभी होती. लेकीच्या हातातल्या फुलाकडे बघत होती.

“बाबांनी दिलं?”

“नाही.”

आईनं कोनाड्यातल्या चपला काढल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली आणि पायात घातल्या.

दगडापाशी गाव जमलं होतं. सुभेदार निकम टाचा जोडून उभे होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी कणा तसाच होता. यंदा कमिटीतर्फे त्यांनी शहरातून कापडी फुलं मागवली होती. एका मापाची, सेफ्टी पिनेसकट. बाबांच्या फुलांची टोपली बाजूला तशीच भरलेली होती.

“बरी आहेत की,” एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. “धुऊन पुढच्या साली वापरता येतील.”

अपूर्वाला पाहून कुजबुज थांबली. मागे तिची आई होती. डोक्यावरून पदर ओढून घेतलेला.

सुभेदार पुढे झाले. “पोरी, ते फूल कुणी दिलं तुला?”

“रानानं.”

“हा चेष्टेचा दिवस नाही. नियम तुला कळवलाय. गुमान टाक ते खाली.”

“टाकणार नाही, काका.”

“कॉलेज शिकलीस म्हणून—”

“शिकले नसते तरी टाकलं नसतं.”

तेवढ्यात दादूबाबा उठले. तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं. दर वर्षी पहिलं फूल बाबांच्या छातीवर असायचं. आज त्यांचा सदरा मोकळा होता.

ते अपूर्वासमोर येऊन उभे राहिले आणि छाती पुढे केली.

“लाव,” म्हणाले.

“मी? तुम्हाला?”

“काटा दिलाय ना तुला?”

गावात फकिरानं आजवर फूल दिलं होतं. कुणाच्या हातून घेतलं नव्हतं. अपूर्वानं मुठीतल्या काट्यानं रानातलं फूल बाबांच्या सदऱ्यावर टोचलं. काटा सदऱ्यातून आरपार जाऊन बाबांना लागला असावा. त्यांनी डोळे मिटले.

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. ते ओरडले, “बाबा! हे कुणाचं फूल?”

...

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय विचारलं ते. साऱ्या गावालाही कळलं. दगडापाशी उभं राहून तो प्रश्न विचारला की उत्तर ऐकावंच लागतं. मध्ये बोलता येत नाही. निघून जाता येत नाही.

बाबा अपूर्वाकडे वळले. “सुभेदारांनी विचारलंय. मला ठाऊक नाही. सांग.”

तिनं आवाज चढवायला तोंड उघडलं. आवाज चढलाच नाही.

“आमच्या हणम्याचं,” ती म्हणाली. “तो शिट्टी वाजवत म्हैस धुवायचा. शिट्टी ऐकल्याशिवाय म्हैस ओढ्यात उतरायची नाही. मला सायकल शिकवताना उतारावर मुद्दाम सोडून दिली आणि वर उभा राहून हसला. गूळ चोरून खायचा आणि नाव माझं सांगायचा...”

पदराआडून आईचा आवाज फुटला. रडण्याचा की हसण्याचा, कळलं नाही.

“शेवटच्या सुट्टीत तो झोपायचा नाही. गोठ्यात म्हशीपाशी जाऊन बसायचा. सगळे म्हणाले, फौजी माणूस आहे, पहाऱ्याची सवय असते. मग सुट्टी संपली. परत गेला... आणि स्वतःच्या हातानं गेला. आमचा हणम्या असा होता.”



सुभेदार अजून टाचा जोडूनच उभे होते. फक्त त्यांचा एक हात छातीवरच्या कापडी फुलावर गेला होता. फूल सरळ करायला गेला असावा. तो तिथेच राहिला. मुठीत कापड चुरगळलं होतं.

दादूबाबा त्यांच्यापाशी गेले. अगदी जवळ. हळूच बोलले, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं.

“सुभेदार... तुम्हाला झोप लागते का?”