खारट कोणाला?

शाळेत आर्द्राचे निबंध 'मी'ने सुरू व्हायचे आणि बाई कौतुक करायच्या. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मात्र प्राध्यापक केळुसकरांनी तिची प्रकल्पाची फाईल सगळ्या वर्गासमोर उंच धरली.

"'मी पाणी प्यायले, मला खारट लागले!' अगं, हा काय सहलीचा निबंध आहे? संशोधनात 'मी' नसतो. 'विहिरीचे पाणी खारट आहे', बस्स. नाहीतर प्रकल्प नापास!"

आर्द्रा चारचौघांत बोलायला लाजायची. पण खाडीकाठच्या खाजणवाडीत विहिरीच्या पाण्याचे नमुने गोळा करत तिने सगळी सुट्टी घालवली होती, ती अशी वाया कशी जाऊ द्यायची? तिने नमुन्याची बाटली काढून पेल्यात पाणी ओतलं.

"सर, एक घोट घेता?"

सरांनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी! नुसतं मीठ!"

मग तिने त्याच बाटलीतून दुसरा पेला भरून वर्गातल्या मयूरी तांडेलला दिला. मयूरी जन्मापासून खाजणवाडीची. तिने तो गटागटा संपवला.

"आमच्याच विहिरीचं ना? गोड आहे की, सर!"

वर्ग खदखदून हसला. आर्द्रा हळूच म्हणाली, "सर, पाणी एकच आहे. प्यायलं कोणी ते लिहिलं नाही, तर तुम्ही तरी खोटे ठराल, नाहीतर मयूरी. कोणाला खोटं ठरवू?"

सरांनी रिकाम्या पेल्याकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू फुटलं.

"राहू दे तुझा 'मी'. उद्या प्रयोगशाळेत या दोघी, मीठ किती ते मोजू. आणि हो, केळुसकर सरांनाही खारट लागलं, तेवढं लिही."