हातभर बांध मागे

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीत एक चिमुकलं राज्य होतं आणि त्याला एक प्रेमळ, थोडा भाबडा राजा होता. तिथे एक रीत होती. शेताच्या बांधावरून भांडण झालं, की वयाने थोरला असेल त्याने आपला बांध आपणहून हातभर मागे घ्यायचा आणि समोरच्याला पुरणपोळीचं जेवायला बोलवायचं. समोरचा ओशाळायचा, बांध पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवायचा आणि दोघं एका पंगतीत बसायचे.

मागच्या लढाईत या राज्याने फार सोसलं होतं. घरटी एक माणूस गेला होता आणि बायकांनी नांगर हाती धरला होता. पुन्हा लढाई नको, हे राजाने मनाशी पक्कं केलं होतं.

एके वर्षी शेजारच्या बलाढ्य राजाने निरोप धाडला, "सीमेवरचं कुरण आम्हाला हवं."

"देऊन टाका," राजा म्हणाला. "आपण थोरलेपणा घेऊ. ओशाळेल तो."

तेवढ्यात दरबारात एक लोहारीण उभी राहिली. तिचा नवरा मागच्या लढाईत गेला होता आणि मुलगा आता कुठे भात्यावर बसू लागला होता. "महाराज, कुरण गेलं तर आपली घोडी चरणार कुठे? आज खिंडीत दहा माणसं उभी केलीत तरी तो मागे फिरेल."

"अगं, त्या दहांत तुझा मुलगा असेल," राजा कळवळून म्हणाला.

"असेल. म्हणूनच सांगते, दहांत भागतंय तोवर भागवा."

राजाने ऐकलं नाही. त्याने पुरण शिजवून घेतलं आणि सीमेवर पानं मांडली. शेजाऱ्याचे शिपाई आले, पोटभर जेवले आणि जाताना सीमेचे दगड आणखी पुढे ढकलून गेले. यंदा नाही तर पुढच्या वर्षी ओशाळेल, असं बिचाऱ्या राजाला वाटलं.

पुढच्या वर्षी शेजाऱ्याने झरा मागितला. तोही मिळाला, वर तुपाची वाटीही मिळाली. तिसऱ्या वर्षी त्याने खिंड मागितली. खिंड म्हणजे राज्याचं दारच. तेव्हा कुठे राजा म्हणाला, "नाही."

पण आता घोडी नव्हती की पाणी नव्हतं. दहा जणांचं काम अख्ख्या राज्याला करावं लागलं. चार दिवसांनी शेजारी मागे हटला खरा, पण चाळीस जण घरी परतले नाहीत. लोहारणीचा मुलगा परतला, तो एक पाय गमावून.

राजा त्याच्या उशाशी बसला आणि आपल्या हाताने त्याला पेज भरवू लागला. "मी पहिल्याच वर्षी नाही म्हणालो असतो तर?" त्याने लोहारणीला विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

लोहारणीला त्याच्यावर रागावता आलं नाही. "तुमची माया खोटी नव्हती, महाराज," ती म्हणाली. "माणूस पारखायचा तेवढा राहिला."

तात्पर्य एवढंच: ज्याला लाज नाही त्याच्या पहिल्याच मागणीला नाही म्हणावं, उशिरा म्हटलेल्या नाहीची किंमत लेकरांना मोजावी लागते.